आधी चासी पाहा, मग इंजिन ऐका

जुनी मोटारसायकल घ्यायला माणसं गेली की पहिल्यांदा किक मारतात. इंजिनाचा आवाज ऐकतात, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का बघतात, मीटरवरचे किलोमीटर वाचतात, टायरच्या नक्षीवर नख फिरवतात आणि मग विचारतात, "दादा, ॲव्हरेज किती देते?" हे सगळं विचारायलाच हवं. पण यातली प्रत्येक गोष्ट पैसे टाकून दुरुस्त होते. पिस्टन-रिंग बदलता येतात, टायर नवा बसतो, चेन-स्प्रॉकेटचा सेट कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. ज्या सांगाड्यावर हे सगळं बसवलेलं असतं तो मात्र असा बदलता येत नाही. फ्रेम, म्हणजे गॅरेजमध्ये जिला चासी म्हणतात ती, गाडीचा आकार धरून ठेवते आणि गाडीची कायदेशीर ओळखही तिच्यावरच कोरलेली असते. म्हणून जुन्या गाडीची तपासणी चासीपासूनच सुरू व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

पेण-रोह्याच्या पट्ट्याला तर हे जास्तच लागू आहे. धाटाव एमआयडीसीतल्या पाळ्यांना आसपासच्या गावांतून माणसं दुचाकीवरच येतात. हमरापूर, जोहे भागातले गणपतीचे कारखाने, वाशी-वढावच्या खारेपाटातली गावं, नागोठण्याचा बाजार, सगळीकडे तेच. रात्री-अपरात्री एसटीच्या भरवशावर राहता येत नाही, त्यामुळे स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, पल्सर या गाड्या हातोहात फिरतात. एकेका गाडीचे तीन-तीन मालक झालेले असतात. आणि या गाड्यांनी काय काय सोसलेलं असतं! मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. तेवढा काळ पेण, वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून, डायव्हर्शनमधून आणि अर्धवट काँक्रीटच्या कडांवरून याच दुचाक्या गेल्या. वर पावसाळा तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, आणि पश्चिमेला धरमतरची खाडी व मिठागरं. आदळणं, ओझं आणि खारं पाणी, चासीचे तिन्ही शत्रू इथे एकाच रस्त्यावर भेटतात.

सुरुवात हेडपासून करायची. हँडलच्या खाली, टाकीच्या पुढे जी आखूड जाड नळी असते ते हेड. हँडलची टी, म्हणजे शॉकअपचे पाइप धरून ठेवणारा भाग, तिच्यातूनच फिरते. पुढचं चाक खड्ड्याच्या कडेवर किंवा दुसऱ्या गाडीवर आदळतं तेव्हा धक्का बसतो चाकाच्या एक्सलला, पण त्याचा खरा ताण येतो वर हेडवर. मधले शॉकअपचे पाइप म्हणजे सुमारे दोन फूट लांबीची तरफच. खाली बसलेला धक्का ती वर कित्येक पटींनी पोहोचवते. मध्यम धक्क्यात पाइपच वाकतात, खालच्या टीच्या लगेच खाली. धक्का त्याहून मोठा असेल तर पाइपांबरोबर हेडही मागे सरकतं, आणि हेडपासून इंजिनापुढून खाली उतरणारी नळी, म्हणजे डाउनट्यूब, आतल्या बाजूला दबून तिला वळ्या पडतात.

या वळ्या डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला लागतात. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, मोबाइलचा टॉर्च टाकीखालच्या फटीत धरा आणि डाउनट्यूबच्या वरच्या हातभर भागावरून अंगठा सावकाश खाली आणा. नंतर उजवीकडे वळवून दुसऱ्या बाजूने तसंच करा. नळी एकसारखी गुळगुळीत लागायला हवी. अंगठ्याखाली लहानसा उंचवटा, खोलगट भाग किंवा रंगाचे बारीक पापुद्रे लागले तर तिथेच थांबून नीट बघा. हेडला आधार द्यायला जोडलेल्या पत्र्याच्या त्रिकोणी पट्ट्यांच्या कडाही बघा; तिथला रंग केसाएवढ्या रेषेत फुटला असेल तर आतलं लोखंड हललेलं आहे. कंपनीचा रंग सगळ्या चासीवर एकाच चमकेचा असतो. फक्त हेडभोवती काळा रंग ताजा असेल आणि त्याचे शिंतोडे वायरिंगवर, नटांच्या डोक्यांवर आणि केबलच्या क्लिपांवर उडालेले असतील, तर तो रंग गाडी छान दिसावी म्हणून मारलेला नाही.

हेड मागे गेलंय का हे कळायला आणखी एक चांगला उपाय आहे. त्याच मॉडेलची दुसरी गाडी शोधा. रोहा स्टेशनबाहेर किंवा पेणच्या एसटी स्टँडजवळ उभ्या असलेल्या गाड्यांत स्प्लेंडर मिळणार नाही असा दिवस नसेल. दोन्ही गाड्यांत पुढचा टायर आणि इंजिन यांमधलं अंतर बघा. धडक खाल्लेल्या गाडीत टायर इंजिनाकडे सरकलेला असतो, मडगार्ड डाउनट्यूबच्या फार जवळ आलेलं असतं. टेप असेल तर पुढच्या एक्सलच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, गाडी मेन स्टँडवर आणि हँडल सरळ ठेवून, दोन्ही बाजूंनी. स्प्लेंडर प्लसच्या चालू मॉडेलसाठी कंपनी हे अंतर १२३६ मिलिमीटर देते, पल्सर १५० साठी १३२०. चेन ताणताना मागचं चाक मागेपुढे होतं, त्यामुळे थोडा फरक पडणारच. पण आकडा दोन-तीन सेंटिमीटरने कमी भरला, किंवा डावी आणि उजवी मापं जुळली नाहीत, तर चेनकडे बोट दाखवून भागत नाही.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. मोटारसायकल सरळ धावते ती एका तिरकेपणामुळे. हेड मागे कललेलं असतं. त्याची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे भेटते त्या बिंदूच्या काही इंच मागे टायर टेकलेला असतो. या अंतरामुळे चाक थोडं वाकडं झालं तरी पुन्हा आपोआप सरळ होतं. हेड मागे दाबलं गेलं की चाकाचा कल उभा होत जातो आणि हे अंतर घटतं. मग गाडी गावातल्या गल्लीत ठीक वाटते, उलट जरा चपळच वाटते, पण महामार्गावर साठ-सत्तरच्या वेगात ट्रकने ओव्हरटेक करताना वाऱ्याचा झोत बसला की हँडल थरथरतं. तो चालवणाऱ्याचा दोष नसतो.

ज्या बॉल-बेअरिंगवर हँडल फिरतं त्या हेडमधल्या कोन सेटचीही परीक्षा याच वेळी घ्यावी. गाडी मेन स्टँडवर चढवा, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला आणि दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध आल्यावर हँडल खोबणीत अडकल्यासारखं थांबत असेल, तर बॉलने रेसवर खड्डे पाडलेले आहेत. कोन सेट नवा टाकता येतो, खर्चही फार नाही. पण ते खड्डे कशाने पडले हा प्रश्न उरतो. ढिला सेट खड्ड्यांच्या रस्त्यावर चालवल्यानेही पडतात, एकाच मोठ्या धडकेनेही. उत्तर हँडलच्या स्टॉपरमध्ये सापडतं. खालच्या टीवर एक लहान लोखंडी खुंटी असते, ती चासीवरच्या थांब्याला टेकून हँडलला जास्त वळू देत नाही. खुंटी वाकलेली किंवा तुटलेली असेल, थांब्यावर वेल्डिंग मारलेलं असेल किंवा टाकीच्या पुढच्या बाजूला हँडल आपटल्याचा पोचा असेल, तर गाडी जोरात पडलेली आहे. टाकीला लोहचुंबक लावून बघा. जिथे ते नीट चिकटत नाही तिथे रंगाखाली जाड लांबी (पुटी) भरलेली असते.

इथे एका गोष्टीत घाई करू नये. हँडल सरळ धरलं की चाक किंचित एका बाजूला दिसतं, अशा गाड्या पुष्कळ असतात. गाडी स्टँडवरून कलंडली किंवा शेणावर घसरली तरी शॉकअप टीमध्ये थोडे पिळतात. टीचे बोल्ट ढिले करून, चाक पायांत धरून हँडल सरळ करायचं आणि बोल्ट आवळायचे. चांगला मिस्त्री हे अर्ध्या तासात करतो. पडलेली गाडी आणि वाकलेली चासी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी गाडी कधी पडलीच नाही असं सांगणाऱ्या विक्रेत्यापेक्षा, "हो, एकदा पडली होती, पाइप बदलले" असं सांगून बिल दाखवणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. शॉकअपचे पाइप मात्र नक्की बघा. दहा वर्षांच्या गाडीला दोन्ही पाइप कोरे असतील, तर जुन्या पाइपांचं काय झालं ते विचारायलाच हवं.

आता दोरी. टेपइतकंच साधं साधन, आणि चासी किंवा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा, वाकला असेल तर ते लपू देत नाही. मागच्या टायरच्या पाठीमागून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, जाड दोऱ्याचा फेरा घाला आणि दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या पुढे ताणत न्या. दोरा मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही कडांना जेमतेम टेकायला हवा. स्टँड मध्ये येत असेल तर दोरा वर-खाली घ्या. पुढचा टायर सहसा अरुंद असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्हीकडची फट सारखी असली की चाकं एका रेषेत. सारखी नसली तर आधी चेन ॲडजस्टर तपासा, कारण पंक्चर काढताना चाक तिरकं बसवणं ही रोजची गोष्ट आहे. चिमट्यावरच्या खुणांवर फार विसंबू नका. चिमट्याच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजून चाक सरळ करा आणि पुन्हा दोरी धरा. तरीही फरक राहिला तर चिमटा पिळलेला आहे किंवा चासी. चिमटा बदलता येतो.

पावसाळ्यात दोरीचीही गरज नाही. ओल्या मातीच्या मोकळ्या जागेवरून गाडी सावकाश सरळ न्या आणि मागे वळून चाकोरी बघा. दोन्ही चाकांची नक्षी एकावर एक पडली पाहिजे. मागच्या टायरचा ठसा सतत एकाच बाजूला बाहेर पडत असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आहे. ट्रायल मारताना गाडी एका बाजूला ओढते का हेही बघावं, पण त्यासाठी दोन्ही हात सोडू नयेत. हँडलवरची पकड हलकी केली तरी समजतं. टायरची हवा आधी तपासून घ्या, कारण पुढच्या टायरात हवा कमी असली तरी गाडी ओढते आणि खापर चासीवर फुटतं.

वेल्डिंगकडे बघताना डोळ्याला एक सवय लावावी लागते. कंपनीची जोडणी एकसारख्या रुंदीची, ठरावीक ठिकाणी सुरू होऊन ठरावीक ठिकाणी संपणारी असते. बाहेरची जोडणी गाठाळ असते, आजूबाजूला ठिणग्यांचे मणी चिकटलेले असतात आणि कधी कधी ग्राइंडरने घासलेली चकाकी रंगाखालून दिसते. सगळी बाहेरची वेल्डिंगं वाईट नाहीत. साइड स्टँडचा ब्रॅकेट, फूटरेस्ट, सायलेन्सरची पकड, नंबर प्लेटचा पत्रा, इथे वेल्डिंग असेल तर भाव थोडा कमी करून गाडी घ्यायला हरकत नाही. पण हेड, डाउनट्यूब, इंजिन बसवण्याच्या मुख्य जागा, चिमट्याचा बोल्ट जातो तो भाग आणि मागच्या शॉकअपची वरची पकड या ठिकाणी बाहेरचं वेल्डिंग दिसलं तर मी ती गाडी घेणार नाही, कितीही स्वस्त असली तरी. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाची घडण बदलते. त्या टोकाशी ताण साचतो आणि रोजच्या हादऱ्यांनी तिथूनच नवी भेग सुरू होते. लोखंड एका झटक्यात तुटायला मोठा भार लागतो. लाखो लहान हादऱ्यांनी तुटायला तितका लागत नाही. शाइनसारख्या ज्या गाड्यांत इंजिन हाच चासीचा भाग असतो, खालून नळी जात नाही, तिथे इंजिनाच्या बोल्टांच्या जागा विशेष बारकाईने बघाव्यात. स्प्लेंडरमध्ये नळ्या इंजिनाखालून जातात, तिथे खालचा भाग बघायचा.

भेगेचा संशय असेल तर एक जुनी कारखानी युक्ती वापरा. ती जागा चिंधीने स्वच्छ पुसा, रॉकेल किंवा डिझेल लावा आणि पाच-दहा मिनिटं मुरू द्या. मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून त्यावर खडूची बारीक पूड लावा. भेग असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. रंगावरची नुसती चीर असेल तर तेल थोडंच येतं, आणि पुन्हा पुसून पूड लावली की येत नाही. विक्रेता एवढं करू देत नसेल तर गाडी सोडून द्या.

गंजाचं प्रकरण आपल्याकडे वेगळं आहे. मिठाचा थर लोखंडावर बसला की तो हवेतला ओलावा ओढतो. आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ विरघळून पाण्याचा पातळ थर तयार होतो. खाडीकाठी पावसाळ्यात दिवसचे दिवस हीच स्थिती असते, म्हणजे गाडी छपराखाली उभी असली तरी ओलीच. खारेपाटात वापरलेली गाडी आणि कोलाडच्या बाजूला वापरलेली गाडी एकाच वर्षाच्या असल्या तरी त्यांच्या चास्या एका वयाच्या नसतात. वरवरचा तांबूस गंज फार चिंतेचा नाही. चासीच्या नळीची भिंत दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असते. धोका असतो तो आतून कुजण्याचा. पाणी आणि चिखल नळीच्या भोकांतून आत जातो आणि सगळ्यात खालच्या भागात साचतो. म्हणून इंजिनाखालची नळी, मेन स्टँडची जोडणी, बॅटरीखालचा पत्रा आणि चिमट्याची खालची बाजू इथे बघायचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. धड नळी खणखणते, कुजलेली बद्द वाजते. रंग फुगून फोड आले असतील तिथे टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर पुढे काही बघायचं कारण नाही.

ओझ्याच्या खुणा मागे शोधाव्यात. दुधाचे कॅन, मासळीच्या टोपल्या, सिलिंडर, कारखान्याचा माल वाहिलेल्या गाडीचं कॅरिअर विकण्याआधी काढून टाकतात, पण बोल्टांची भोकं आणि घासल्याचे चरे राहतात. अशा गाडीची सीट काढायला सांगा. मागच्या शॉकअपच्या वरच्या पकडीजवळ आणि सीटखालच्या दोन नळ्या जिथे मुख्य चासीला मिळतात तिथे भेगा असतात. मग मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. खेळ जाणवला तर चिमटा धरून हलवा. चिमटाही हलत असेल तर बुश गेलेत, नुसतं चाक हलत असेल तर बेअरिंग.

पुरातली गाडीही एक शक्यता आहे. कुंडलिका, अंबा आणि सावित्री या तिन्ही नद्यांनी आपल्या काठची गावं बुडवलेली आहेत; २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या. धुऊन-पुसून आणलेल्या गाडीच्या हेडलाइटच्या कवचात, फ्यूज बॉक्समध्ये आणि टाकीखाली चासीच्या भोकांत गाळ मिळतो. इंजिन धुता येतं, नळीच्या आतला गाळ निघत नाही.

शेवटी चासी नंबर. बहुतेक गाड्यांत तो हेडवरच असतो, हँडल वळवलं की वाचता येतो. हल्लीच्या गाड्यांचा नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात: हिरोची गाडी एमबीएल, होंडाची एमई४, बजाजची एमडी२. आरसीवरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर एकेक अक्षर करून ताडून बघा. अक्षरांची उंची, खोली आणि ओळ एकसारखी हवी. आजूबाजूचा पत्रा घासलेला, पातळ झालेला किंवा नंबराभोवती वेल्डिंगची चौकट असेल तर ती दुसऱ्या गाडीची चासी असू शकते. परिवहन विभागाच्या परवानगीशिवाय चासी बदलता येत नाही. चोरीच्या संशयावरून पोलीस गाडी ताब्यात घेऊ शकतात, मग तुम्ही पैसे देऊन घेतलेली असली तरी. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची मुदत, विमा आणि बँकेचा बोजा बघा. विम्याची जुनी पॉलिसी मिळाली तर तिच्यातला नो-क्लेम बोनस वाचा. पूर्ण विमा सातत्याने भरलेला असून बोनस शून्यावर आलेला असेल तर आदल्या वर्षी क्लेम घेतलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो कशासाठी घेतला हे विचारायचा हक्क तुमचा आहे.

सौदा ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, त्यांवर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट स्वतः समोर उभं राहून घ्या आणि पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची नोंद करायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. एमएच ०६ ची गाडी असेल तर रोहेकरांनाही त्यासाठी पेणच्या परिवहन कार्यालयाशीच गाठ असते. कर्जाची गाडी असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.